त्यांच्या वाटणीची ओळ

घरात नवी वस्तू आली की वैजयंताबाई आधी तिला हळदकुंकू लावत आणि मगच वापरायला काढत. मिक्सर असो, मोबाईल असो, नाहीतर साधी इस्त्री असो. मग कानातलं यंत्र तरी कसं सुटणार? सात-आठ वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा घरी आलं, तेव्हा त्याची इवलीशी डबी त्यांनी देवापुढं पाटावर ठेवली, वर जास्वंदीचं फूल वाहिलं आणि मग लेकीला म्हणाल्या, "हं, आता घाल कानात."

"थांब ग आई," सानिका म्हणाली, "आधी याला बाबांचा आवाज शिकवायचा असतो. बाबा, याच्यासमोर बोला काहीतरी. मनाला येईल ते. क्रिकेट, राजकारण, शेजारपाजार, काहीही."

मुकुंदराव तारळेकरांनी विट्याच्या एसटी स्टँडवर उभी हयात माईकपुढं काढलेली. अख्खा तालुका त्यांचा आवाज ओळखायचा. पण मनाला येईल ते बोला म्हटल्यावर तेच गांगरले. "काय बोलू? कुठल्या गाडीबद्दल?"

"काहीबाही कशाला बोलायचं?" वैजयंताबाई म्हणाल्या. "नव्या यंत्रात पहिला शब्द देवाचा जाऊ दे. आपलं संध्याकाळचं स्तोत्र म्हणा."

मुकुंदरावांना सुटल्यासारखं झालं. मांडी घालून त्यांनी खणखणीत आवाजात स्तोत्र म्हटलं. एरवी एक ओळ बाईंची आणि एक त्यांची असायची, त्या दिवशी दोन्ही वाटण्या त्यांनीच म्हटल्या. यंत्राला आणखी आवाज हवा होता, म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. शेवटी गंमत म्हणून "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे" हेही सांगून टाकलं.

"आई, या यंत्राला वाटेल बाबा म्हणजे एखादं देऊळच आहे," सानिका हसून म्हणाली.

"वाटू दे की. त्यात वाईट काय?"

वाईट काय, ते त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याआधीची यंत्रं नुसतीच आवाज मोठा करायची. माणसाचं बोलणं मोठं, कुकरची शिट्टी मोठी, भांडं पडलं तर काळजात धस्स व्हावं एवढं मोठं. वैजयंताबाईंना तापातून बहिरेपण आलं होतं. कानातल्या ज्या बारीक पेशी शब्दाचा आकार ओळखतात त्याच जळून गेल्या होत्या, त्यामुळं आवाज कितीही मोठा केला तरी तो चेंदलेलाच पोचायचा. हे नवं यंत्र वेगळं होतं. समोरच्याच्या बोलण्यातला जो तुकडा हरवला असेल तो ते अंदाजानं भरून काढायचं. 'चहा' ऐकू आलं आणि पुढचं पंख्याच्या आवाजात बुडालं, तर हा माणूस 'चहा'च्या पुढं नेहमी काय म्हणतो ते त्याला माहीत असायचं. तेवढं ते त्याच माणसाच्या आवाजात घडवायचं आणि पापणी लवायच्या आत कानात सोडायचं. कंपनीनं या करामतीचं नाव ठेवलं होतं 'पूर्ती'. ऐकणाऱ्याला सांधा कळायचा नाही. खरं किती आणि भरलेलं किती हे यंत्र सांगायचं नाही, आणि कुणी विचारायचंही नाही.

मुकुंदराव ठरावीक बोलणारा माणूस. "वैजू, चहा टाक ग." "फुलं आणायला जाऊ का?" "आज लाईट जाणार म्हणतात." एवढ्यात दिवस सरायचा. अशा माणसाची पूर्ती करणं यंत्राच्या डाव्या हातचा मळ होता.

यंत्र येण्याआधी त्या दोघांचं बरंचसं बोलणं खुणांनी चाले. लग्न झाल्यावर नव्या नवरीच्या हौसेनं त्या डबा घेऊन स्टँडवर जात, तेव्हा गर्दीच्या गलक्यात मुकुंदराव काचेआडून कंडक्टरांना खुणा करताना दिसायचे. हात गोल फिरवला की गाडी लागली. दोन्ही हात छातीशी फुलीसारखे आडवे धरले की गाडी रद्द. पंजा पालथा धरून हवेत हळूहळू थोपटल्यासारखं केलं की गाडीला उशीर आहे, पण येतेय, थांबा. पुढं बाईंचे कान गेले तेव्हा याच खुणा घरात आल्या. स्वयंपाकाला उशीर असला की बाई ओट्यापासून हवेत थोपटायच्या आणि मुकुंदराव भुकेल्या प्रवाशासारखा चेहरा करून बसायचे. यंत्र आलं आणि खुणा मागं पडल्या. भाजी परतता परतता पाठमोऱ्या बाईंना नवऱ्याचा शब्द न् शब्द कळू लागला. वळून तोंडाकडं बघायची गरजच उरली नाही. कान परत आले तसे डोळे सुट्टीवर गेले.

या वर्षी दिवाळीनंतर सानिकाचा बेंगळुरूहून व्हिडिओ कॉल आला. "आई, कंपनी तुझ्या यंत्राची सेवा बंद करतेय. नवीन मॉडेल घे."

"माझं काही बिघडलेलं नाही बाई. झकास ऐकू येतं."

"बिघडल्यावर कुणी हात लावणार नाही त्याला. आणि नवीन फार स्वच्छ आहे म्हणतात."

"तुम्हा पोरांना चालतं घोडं विकून नवं आणायची भारी हौस."

"बाबांना विचार बघू. बाबा! काय म्हणता?" मुकुंदराव पडद्यासमोरून उठून बाल्कनीत गेले. "बघ, बाबा हल्ली माझ्याशी बोलतच नाहीत. नुसतं हं-हं करतात."

"म्हातारे झालेत, दुसरं काय. माझ्याशी बोलतात की चांगले."

त्या संध्याकाळी वाती वळताना त्यांनी विचारलं, "अहो, घेऊ का नवीन यंत्र?"

मुकुंदराव बराच वेळ काहीतरी पुटपुटल्यासारखे झाले आणि मग नेहमीच्या आवाजात उत्तर आलं, "घे की. तुला बरं वाटेल ते कर."

म्हणून वैजयंताबाई सांगलीला गेल्या. पुढं कितीतरी दिवस त्यांना याचं कडवट हसू यायचं. नवीन यंत्र घ्यावं का, हे त्यांनी जुन्या यंत्रालाच विचारलं होतं.

सांगलीला निलोफर मुजावर नावाची कानाची तज्ज्ञ मुलगी होती. तिनं जुनं यंत्र काढून नवं बसवलं. "काकू, यात पूर्ती आहे, पण बंद ठेवलीय. याचे माईक तेज आहेत आणि तुमच्या कानात ज्या पेशी उरल्यात त्यांना पेलेल असाच आवाज हे घडवतं, म्हणून गरज पडत नाही. जे असेल तेच ऐकू येईल."

खरंच तसं झालं. निलोफरच्या बांगड्या किणकिणल्या त्या निराळ्या, पंखा घरघरला तो निराळा. परतीच्या गाडीत मागच्या बाकावर दोघी जावा सासूची उणीदुणी काढत होत्या, तीही बाईंना अक्षर न् अक्षर कळली. मनात म्हणाल्या, सानिका म्हणत होती ते खोटं नाही.

दार मुकुंदरावांनी उघडलं. चेहरा खुलला. तोंड उघडलं.

"आ... ते... गा, ते हे... आलं ना, ते..."

"काय म्हणालात?"

"ते... ग. हे, हे... पण ते."

बाईंनी कानाला हात लावून यंत्र नीट बसवलं. काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. खालच्या मजल्यावरचा रेडिओ लख्ख ऐकू येत होता. दिवेलागणीला दोघं देवापुढं बसले. बाईंनी पहिली ओळ म्हटली. दुसऱ्या ओळीला मुकुंदरावांनी सूर लावला. चाल बरोबर होती, लय बरोबर होती, आणि शब्दांच्या जागी नुसती वाफ. "हं... ना... ना ते... ना..." डोळे मिटून, मान डोलवत, तृप्त चेहऱ्यानं ते म्हणत होते. आपली ओळ बायकोपर्यंत पोचतेय याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"थांबा हो," बाई म्हणाल्या. "यंत्रच बिघडलंय माझं."

दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला घेऊनच सांगलीला पोचल्या. "निलोफर, हे बदलून दे. सगळ्यांचं ऐकू येतं, फक्त यांचंच येत नाही. असलं कसलं यंत्र?"

निलोफर हसली. "असं कसं होईल काकू? काका, जरा तुमचं नाव सांगा बरं."

मुकुंदराव ताठ बसले. "मी... ते... मु... मग ते हे, गाडी... ना, ते..." ते थांबले. कपाळावर घाम आला. निलोफरचं हसू हळूहळू मावळत गेलं. तिच्या कानात कुठलंच यंत्र नव्हतं.

तिनं खुर्ची ओढून बाईंच्या अगदी जवळ घेतली. "काकू, यंत्र ठीक आहे."

"म्हणजे?"

"जुन्या यंत्राला एवढंच कळायचं की शब्द नीट पोचला नाही. का पोचला नाही, ते नाही कळायचं. गोंगाटात बुडाला तरी ते भरायचं आणि बोलणाऱ्याच्या तोंडातच मोडला तरी भरायचं. आणि काकांचा आवाज त्याला सगळा पाठ म्हटलेला मिळाला होता. त्यामुळं हा माणूस कधी अडखळतच नाही, असंच ते धरून चाललं."

"पण परवापर्यंत बोलत होते माझ्याशी."

"काका बोलत होते, काकू. पण तुम्हाला ऐकू येत होतं ते यंत्राचं होतं."

मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. जिभेला काही नव्हतं, विचार शाबूत होते. मनातला अर्थ शब्दापर्यंत नेणारी मेंदूतली वाट तेवढी बुजत चालली होती. हळूहळू, दोन-तीन वर्षं. "ही वाट पुन्हा मोकळी करता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "सुरुवातीला आला असता तर सराव करून घेतला असता. बरेच शब्द काही काळ धरून ठेवता आले असते. अशा माणसाला बाहेरच्यांचे चेहरे बघूनच कळतं की आपलं बोलणं पोचत नाही. घरात इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मग ते मुकुंदरावांकडं वळले. "काका, तुम्हाला तर कळत होतं. बाईंना सांगितलं नाहीत?"

मुकुंदरावांनी मान हलवली. सांगितलं होतं.

"कधी?" बाईंनी विचारलं. "अहो, मला कधी सांगितलंत?"

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवलं, माळ ओढल्यासारखं. मग दोन्ही हातांची ओंजळ अशी धरली की तीत एखादी परडी ठेवावी.

आणि वैजयंताबाईंना ती सकाळ आठवली.

पूजा होईतो मौन हा त्यांचा लग्नानंतरचा नेम. एका गुरुवारी त्या माळ ओढत बसल्या असताना मुकुंदराव जवळ येऊन बसले होते. एरवी पूजेच्या वेळी ते असं करत नसत. गुडघ्याला गुडघा लावून खूप वेळ बसले आणि मग अडखळत, घुटमळत काहीतरी बोलू लागले. बोलणं लांबलं होतं. ते दिसलं होतं बाईंना. पण कानात ऐकू आलं ते रोजचंच, स्वच्छ, गोल आवाजात, "फुलं आणायला जाऊ का?"

बाईंनी हसून मान डोलवली आणि कोनाड्यातली परडी उचलून त्यांच्या हातात दिली.

परडीकडं बघत ते कितीतरी वेळ बसले होते. डोळ्यांत पाणी होतं. बाईंना वाटलं, उदबत्तीचा धूर गेला असेल. मग ते उठले आणि गेले. परत आले तेव्हा परडी शिगोशीग भरलेली होती, तगर, जास्वंद आणि कुणाच्या तरी कुंपणावरचा गुलाबसुद्धा. त्या दिवशी देव फुलांनी झाकून गेले होते.

उभ्या आयुष्यात त्यांनी बायकोला सांगितलेली सगळ्यात अवघड गोष्ट ती असेल. मौनातल्या बाईला सांगणं सोपं जाईल, ती मध्ये तोडणार नाही, असं वाटलं असेल. काय शब्द जुळवले असतील? 'मला शब्द सापडत नाहीत' एवढंच म्हणाले? की 'भीती वाटते' म्हणाले? ते वाक्य आता कुठंच नव्हतं. यंत्र आवाज साठवत नसे, आणि ज्यांनी ते उच्चारलं त्यांच्यापाशीही ते उरलं नव्हतं.

डॉक्टरांच्या खोलीत वैजयंताबाईंनी पदर तोंडात कोंबला. मुकुंदराव त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले. जणू आजार बाईंनाच झाला होता.

घरी आल्यावर वेगळंच सुरू झालं. आतापर्यंत मुकुंदराव काहीही म्हणाले तरी बायको झटक्यात उत्तर द्यायची, कधी चहा टाकायची, कधी हसायची. मनातलं नेमकं हाती येत नसे, तरी जगात एक जागा अशी होती जिथं आपलं बोलणं पोचतं, असं त्यांना वाटे. आता तीच बायको त्यांच्या तोंडाकडं बघत "काय? पुन्हा सांगा ना," म्हणू लागली. दोन दिवस त्यांनी पुन्हा सांगून बघितलं. तिसऱ्या दिवसापासून बोलणंच टाकलं. संध्याकाळी देवापुढं येऊन बसेनात.

"आई, यात पूर्ती आहे ना? चालू करून टाक," सानिका फोनवर रडत होती. "तुला कळतंय एवढं तरी त्यांना वाटत होतं. आता नवीन सराव करून काय मिळणार आहे? त्यांचा चेहरा बघवत नाही ग मला."

"ते खोटं आहे, सानू."

"असू दे खोटं! त्या खोट्यावर तर जगत होते बाबा."

बाईंनी फोन ठेवला. त्यांनी निलोफरला फोन केला. निलोफरनं जुन्या यंत्राची शिकवण नव्यात ओतली आणि दोन दिवसांनी सकाळी सांगलीतूनच पूर्ती चालू करून दिली.

पूजा आटोपून बाई नुकत्याच उठल्या होत्या. मुकुंदराव संध्याकाळसाठी फुलं घेऊन दारातून आत आले आणि ओठ हलले.

"वैजू, चहा टाक ग."

तोच आवाज. स्टँडवरच्या माईकमधून अख्ख्या तालुक्यात जायचा तोच. बाईंचा जीव असा भरून आला की त्या धावतच ओट्याशी गेल्या, आधण ठेवलं, आलं किसलं. "आणते हं! लगेच आणते!" कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

"वैजू, चहा टाक ग," मागून पुन्हा आवाज आला.

"हो हो, टाकलाच!"

"वैजू, चहा टाक ग."

तीच पट्टी, तीच 'ग'ची लकेर. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा त्यांचा हात थांबला. त्या वळल्या.

मुकुंदराव भिंतीला धरून उभे होते. चेहरा पिळवटलेला, डोळ्यांत विनवणी, उजवा पाय वर उचललेला. फुलांसाठी ते अनवाणीच जात. टाचेत बाभळीचा लांब काटा खोल घुसला होता आणि दारापासून इथवर फरशीवर रक्ताचे ठिपके उमटले होते. ओठ थरथरत वाकडेतिकडे काहीतरी घडवू बघत होते, आणि बाईंच्या कानात तो सुखी, धडधाकट माणूस शांतपणे चहा मागत होता.

बाईंनी यंत्र उपसून काढलं. नवऱ्याला खाली बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि सुईनं काटा काढू लागल्या. मधेच त्यांनी मान वर करून त्यांच्या तोंडाकडं बघितलं. आता काहीच ऐकू येत नव्हतं. पण एवढा वेळ, एवढं नीट त्यांनी त्या चेहऱ्याकडं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. मिशीत किती पांढरं झालं होतं! आधण आटून पातेलं करपलं, त्याचा वासच तेवढा आला.

पूर्ती त्याच दिवशी बंद करवून यंत्र पुन्हा कानात घातलं. सानिकाला एवढंच म्हणाल्या, "बाळ, ते यंत्र बाबांच्या आवाजात बोलतं आणि बाबांनाच बोलू देत नाही."

संध्याकाळी त्यांनी समई लावली. दोन पाट मांडले, एकावर स्वतः बसल्या. मुकुंदराव पट्टी बांधलेला पाय टेकवत आतल्या दाराशी आले आणि चौकटीला धरून उभे राहिले. पुढं येईनात.

बाईंनी पहिली ओळ म्हटली आणि थांबल्या.

दुसरी ओळ त्यांना स्वतःच्या नावासारखी पाठ होती. जिभेच्या टोकावर उभी होती. म्हणून टाकणं किती सोपं होतं! पण म्हणून टाकली असती, तर त्या यंत्रात आणि आपल्यात फरक काय उरला असता? त्या वळून नवऱ्याकडं बघत राहिल्या.

मुकुंदरावांचे ओठ हलले, मिटले. मग त्यांनी दोन्ही हात सावकाश वर आणले आणि छातीशी फुलीसारखे आडवे धरले.

गाडी रद्द.

वैजयंताबाईंचे डोळे भरून आले. समोरची ज्योत फुटून तिच्या कितीतरी ज्योती झाल्या. त्यांनी डोळे पुसले नाहीत. उजवा हात उचलला, पंजा पालथा धरला आणि हवेत हळूहळू थोपटल्यासारखं केलं. एकदा, पुन्हा एकदा.

उशीर आहे. थांबा.

बराच वेळ मुकुंदराव त्या हाताकडं बघत राहिले. मग लंगडत आले आणि रिकाम्या पाटावर बसले. गुडघ्याला गुडघा लागला. खालच्या मजल्यावरचा रेडिओ कुणीतरी बंद केला. बाईंच्या कानात आता फक्त त्यांचा श्वास होता, मधूनच अडणारा, पुन्हा सुरू होणारा. शब्द आला नाही.

बाईंनी ओठ घट्ट मिटून धरले. ती ओळ त्यांच्या वाटणीची नव्हती.

वात फडफडू लागली तशी त्यांनी हात लांब केला आणि समईत आणखी तेल घातलं.